उजव्या हातातलं घड्याळ

कारखान्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणतात असा त्याचा समज होता. तपासणी खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. समोर आलेला सुटा भाग मापात केसभर जरी कमी भरला, तरी लाल खडूने फुली मारून तो परत पाठवायचा, मग बनवणारा कितीही विनवण्या करो. लग्न त्याने केलं नाही. एकही मुलगी मापात बसली नसेल, असं लोक त्याच्या पाठीमागे म्हणत आणि पुष्कळदा तोंडावरही म्हणत. खरं सांगायचं तर त्याला वेळच नव्हता. त्याला विमानं करायची असत.

विमानंसुद्धा कसली, तर फक्त लष्करी. प्रवासी विमान म्हणजे पंख लावलेली बस, असं त्याचं ठाम मत, आणि त्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. लष्करी विमानाचं मात्र प्रत्येक वळण कशासाठी आहे ते तो न विचारता सांगत सुटायचा. ह्याचं नाक खाली झुकवलंय ते उतरताना वैमानिकाला धावपट्टी दिसावी म्हणून, त्याचे पंख वरून जोडलेत ते पोटाखाली बॉम्बला जागा व्हावी म्हणून. ऐकणारा जांभया देऊ लागला तरी ह्याचं चालूच. घराच्या दोन खोल्यांपैकी एकीत तो राहायचा आणि दुसरीत विमानं राहायची. बाजारात खोक्यातून मिळणाऱ्या तयार मॉडेलांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. प्लास्टिकचा पत्रा आणायचा, ब्लेडने कापायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि रिव्हेटांच्या रांगा सुईने एकेक टोचून उठवायच्या, अशी त्याची रीत. ह्या वेडात त्याला एकच सोबती होता, दातांचे डॉक्टर. ते बिचारे तयार खोक्यातलीच विमानं करत, पण आपले झिजलेले ड्रिल मिलिमीटरला आणून देत, म्हणून तो त्यांना माफ करायचा.

ह्या वेडाच्या मुळाशी त्याचा दादा होता. दादा म्हणजे थोरला भाऊ, हवाई दलात नेव्हिगेटर. नकाशावर रेघा मारून विमान कुठे आहे आणि कुठे वळायचं ते वैमानिकाला सांगायचं, हे त्याचं काम. त्याचं विमान दोन इंजिनांचं, समुद्रावर टेहळणी करणारं, चांगलं पोट सुटलेलं. कागदोपत्री त्याला एक नंबर होता, पण उडवणारे सगळे त्याला म्हैसच म्हणत. म्हशीत चौघं बसत. पुढे कॅप्टन आणि त्याचा जोडीदार, शेपटीत गनर, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत एकटा नेव्हिगेटर.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी सरावाच्या उड्डाणात दादाच्या म्हशीचं एक इंजिन पेटलं. कॅप्टनने उड्या मारायचा हुकूम दिला. पुढचे दोघे छतातल्या दारातून बाहेर पडले, गनर शेपटीतून. तिघंही पॅराशूटने सुखरूप खाली उतरले. दादा उतरला नाही. विमान दलदलीत सापडलं तेव्हा तो आपल्या खुर्चीतच होता, आणि त्याच्या खोलीच्या डाव्या भिंतीतलं सुटकेचं दार बंद होतं. हुकूम त्याला ऐकूच गेला नसेल म्हणावं, तर तीही सोय नव्हती. कॅप्टनने चौकशीत सांगितलं होतं की, नेव्हिगेटरने हेडफोनवरून उत्तर दिलं. "ऐकलं," एवढंच म्हणाला. त्यानंतर विमान जमिनीवर आदळायला दीड मिनिट लागलं. चौकशीच्या अहवालातलं शेवटचं वाक्य असं होतं: नेव्हिगेटरने सुटकेचा प्रयत्न का केला नाही, हे समजू शकले नाही.

हे वाक्य वहिनीच्या पदरात पडलं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. त्याच सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पुन्हा बदली, पुन्हा नवं घर, पुन्हा एकटीने दिवस काढणं, ह्याचा तिला वीट आला होता. "तुम्ही परत याल तेव्हा मी इथे नसेन," ती म्हणाली, आणि रागाच्या भरात खरोखरच बॅग भरून माहेरी निघून गेली. हवाई दलाचा माणूस निरोप घेऊन आला तेव्हा दाराला कुलूप होतं. हे तिने उभ्या आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं, ते आपल्या दिराला, आणि तेही एकदाच.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्यांना रिकाम्या घरी यायचं नव्हतं."

पुढची सव्वीस वर्षं ती ह्या एका समजुतीखाली चिरडून जगली. एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग करायची, घरी यायची, जेवली तर जेवली. गोळी घेतल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नसे. मिलिमीटर दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचा आणि दोघं भिंतीकडे बघत जेवायचे. तिला धीर देणारं काही बोलावं असं त्याला फार वाटे. पण बोलण्यात तो कच्चा होता. त्याला मोजता येत होतं, म्हणून त्याने मोजायचं ठरवलं.

म्हैस करायची, आतून-बाहेरून, आणि दादा का उठला नाही ते शोधायचं. आता हे बोलायला सोपं. म्हशी केव्हाच मोडीत निघाल्या होत्या. कॅप्टन वारला होता, बाकीच्या दोघांचा पत्ता लागेना. मूळ नकाशे आधी गुप्त म्हणून कुणाला दाखवले नाहीत आणि पुढे जुने झाले म्हणून जाळून टाकले. बाहेरून काढलेले फोटो पुष्कळ मिळाले. आतला फोटो मात्र साऱ्या जगात एकच होता, एका जुन्या मासिकात छापलेला. कुणी एक नेव्हिगेटर भिंतीलगतच्या टेबलावर वाकलेला, समोर नकाशा, वर वाकड्या मानेचा दिवा. दार त्या फोटोत आलं नव्हतं. ते बाहेरच्या फोटोंवरून पक्कं माहीत होतं. तो एक फोटो भिंगाखाली धरून मिलिमीटरने चार वर्षं काढली. माणसाच्या पंजावरून टेबलाची लांबी काढली, पेन्सिलीवरून दिव्याची उंची. असं करत एकास चोवीसच्या मापात सव्वा हाताची म्हैस उभी राहिली. वरचं कवच झाकणासारखं उचललं की मधली खोली दिसायची. खुर्चीत फोटोतल्यासारखाच वाकलेला, बोटाएवढा नेव्हिगेटर बसवला होता.

आणि खोली पुरी झाली तेव्हा मिलिमीटरला हवं होतं ते सापडलं. दार डाव्या भिंतीत होतं, ते आत ओढून वर सरकवायचं. टेबलही डाव्याच भिंतीला, उचलून दुमडता येणारं, बरोबर दारासमोर. टेबल खाली असलं की दार आत येत नव्हतं. टेबल उचलून भिंतीला लावलं की दाराची मूठ त्याच्यामागे जात होती. त्याने दोन्ही बिजागरीवर बसवली होती. चिमट्याने शंभरदा करून बघितलं. जमणं शक्यच नव्हतं.

त्या रविवारी त्याने ते विमान वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि चिमटा तिच्या हातात दिला. तिने टेबल उचललं, दार ओढलं. टेबल पाडलं, पुन्हा दार ओढलं.

"म्हणजे ते उठले असतील?"

"उठलाच असणार. धडपडला असणार. पण दार उघडणं शक्य नव्हतं."

"शक्यच नव्हतं?"

"वहिनी, मी मोजलंय."

मग ती जी रडायला लागली ती कितीतरी वेळ थांबेना. मिलिमीटर तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या हातांचा अभिमान वाटला. डोळे पुसून झाल्यावर तिने पुन्हा आत वाकून बघितलं.

"ह्यांनी कधी उजव्या हातात घड्याळ घातलं नाही हं," ती म्हणाली.

त्याला किंचित रागच आला. ते घड्याळ त्याने एका केसाच्या ब्रशने रंगवलं होतं. दोन काटे, पट्टा, सगळं. "तो दादा नव्हे, वहिनी, तो फोटोतला माणूस आहे. डावखुरा आहे तो. पेन्सिल बघा डाव्या हातात आहे. डावखुरे लोक घड्याळ उजव्या हातात घालतात." इतक्या बारीक गोष्टीकडे आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं लक्ष गेलं नसतं, असं तो पुढे डॉक्टरांना कितीदा तरी भिंग देऊन सांगायचा.

त्या दिवसापासून वहिनी बदलली. गोळ्या सुटल्या. खिडक्यांना पिवळेधमक पडदे लागले. पंचावन्नाव्या वर्षी बाई पोहायला शिकली आणि तलावातल्या तरण्या पोरींना मागे टाकू लागली. जेवताना ती दादाच्या गमती सांगायची, त्याच्या घोरण्याची नक्कल करायची आणि स्वतःच हसून हसून लाल व्हायची. म्हैस तिच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत राहिली. दर रविवारी ती कवच उचलून मऊ ब्रशने आतली धूळ झटकायची. टेबलाचा कोपरा कुठे येतो आणि दिव्याची मान किती वाकते, हे तिला पाठ झालं होतं. अशी वीस वर्षं गेली, आणि ती सुखाची गेली हे कबूल केलं पाहिजे.

मग डॉक्टरांनी घात केला. म्हणजे त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. रविवारच्या जेवणाला ते आनंदाने फुलून आले आणि वहिनीसमोरच बोलले, "एक म्हैस सापडली! जुन्या विमानतळाच्या शेडमध्ये चाळीस वर्षं पडून होती म्हणे. दुरुस्त करून म्युझियममध्ये ठेवलीय. आतसुद्धा चढू देतात."

वहिनीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "भाऊजी, मला त्या खुर्चीत बसायचंय," ती म्हणाली. "एकदाच."

पुढच्या रविवारी जायचं ठरलं. मिलिमीटरला मात्र तोवर धीर धरवेना. बुधवारीच तो टेप, कॅलिपर, स्टॉपवॉच आणि फोटोची फाइल घेऊन पहिल्या बसने निघाला. तीन तासांचा रस्ता. आपलं काम मिलिमीटरला मिलिमीटर जुळणार, ह्याची त्याला इतकी खात्री होती की बसमध्ये तो स्वतःशीच हसत होता.

म्हैस मोठ्या शेडमध्ये दोरीच्या कुंपणात उभी होती. तिची देखभाल करणारा, हवाई दलातून निवृत्त झालेला म्हातारा मिस्त्री तिथेच चाकांना तेल देत होता. मिलिमीटरने आधी बाहेरून मापं घेतली. पंख जुळले, शेपूट जुळलं, दार जुळलं. मग शेपटीकडच्या शिडीने तो आत चढला, वाकून मधल्या खोलीत शिरला, आणि जागच्या जागी थांबला.

"टेबल उलट्या बाजूला बसवलंत तुम्ही!" तो ओरडला.

मिस्त्री हात पुसत मागून आला. "मी काही बसवलेलं नाही साहेब. ते तिथेच होतं. मी फक्त गंज खरवडला."

टेबल उजव्या भिंतीला होतं. त्याच्या पट्ट्या विमानाच्या हाडात रिव्हेट ठोकून बसवलेल्या होत्या, मूळच्या. खुर्चीसमोर बुटांनी झिजलेला पत्रा उजवीकडेच होता. मिलिमीटरने डावी भिंत बोटांनी इंच इंच चाचपली. तिला टेबलासाठी कधी भोकच पडलेलं नव्हतं. तिच्यात नुसतं दार होतं, मोकळं, खुर्चीपासून दोन पावलांवर.

"दार आणि टेबल एकाच भिंतीला कोण लावेल?" मिस्त्री म्हणाला. "दार उघडणारच नाही. इतका गाढव डिझायनर असतो का कुठे?"

मिलिमीटरने फाइलमधून फोटो काढला. मिस्त्रीने तो हातभर लांब धरून पाहिला. "डावखुरा दिसतोय," तो म्हणाला. मग आणखी जवळ नेऊन, "आणि बटणंसुद्धा उलट बाजूने? आमच्या ड्रेसची अशी कधी नव्हती." त्याने कागद पालथा केला आणि खिडकीच्या उजेडावर धरला. मागून दिसणाऱ्या चित्रात पेन्सिल उजव्या हातात आली, घड्याळ डाव्या हातात आलं आणि टेबल आपल्या खऱ्या भिंतीला जाऊन लागलं. "उलटा छापलाय साहेब. छापखान्यात निगेटिव्हची काच पालथी पडली की होतं असं."

मिलिमीटर खुर्चीत बसला. ते घड्याळ त्याने रंगवलं होतं. बटणंही त्याने सुईच्या टोकाने उलट्या बाजूलाच उठवली होती, फोटोत होती तशी, एकही न चुकवता. वहिनीने एकदा बघून जे म्हटलं होतं ते त्याने चार वर्षं भिंगातून बघूनही स्वतःला विचारलं नाही. कारण त्याला टेबल दारासमोरच हवं होतं.

तरी सवय सुटत नाही. त्याने सामानाची पिशवी पॅराशूटसारखी पाठीला बांधली, खुर्चीत बसला, स्टॉपवॉच दाबलं, उठला, दोन पावलं टाकली, मूठ ओढली. दार अलगद आत आलं आणि वर सरकलं. तीनदा केलं. गुडघा धरलेल्या सहासष्ट वर्षांच्या माणसाला चार पूर्णांक दोन सेकंद लागले.

खाली उतरल्यावर तो मिस्त्रीला म्हणाला, "रविवारी माझ्याबरोबर एक बाई येतील. त्यांना आत सोडू नका."

"का?"

"तोल जातो त्यांचा."

त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून जे तोंडात आलं ते बोलला. मिस्त्रीने खांदे उडवले. "बरं. दुरुस्ती चालू आहे म्हणून सांगतो."

संध्याकाळी वहिनीला त्याने सांगितलं की आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायला मिळेल. "बाहेरून तर बाहेरून," ती म्हणाली. मग विचारलं, "मापं जुळली?"

"जुळली," तो म्हणाला. बाहेरची सगळी खरोखरच जुळली होती.

रविवारी वहिनी नटूनथटून निघाली. केस नीट करून घेतले होते, निळी साडी नेसली होती. बसमध्ये खिडकीपाशी बसून ती गुणगुणत होती, आणि मिलिमीटरला वाटत होतं, बस बंद पडावी. बस कसली बंद पडते. वेळेच्या आधी पोचली.

मिस्त्रीने दिलेला शब्द पाळला. "बाई, दुरुस्ती चालू आहे, आत जाता येणार नाही," तो दोरीशी उभा राहून म्हणाला.

"माहीत आहे हो," वहिनी म्हणाली. "मी इथूनच बघते. माझे मिस्टर ह्या विमानावर नेव्हिगेटर होते. परत आले नाहीत ते."

मिस्त्रीने डोक्यावरची टोपी काढली. मग त्याने मिलिमीटरकडे असं पाहिलं की मिलिमीटरने नजर खाली वळवली. हे बुधवारीच सांगितलं असतं, तर कदाचित म्हातारा दिवसभर दाराला टाळं लावून बसला असता. पण सांगितलं नव्हतं. मिस्त्रीने दोरीचा आकडा काढला.

"तुम्हाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या बाई. सावकाश."

"त्यांचा तोल..." मिलिमीटर म्हणाला.

"मी धरतो की," मिस्त्री म्हणाला.

मिलिमीटर वर गेला नाही. गुडघ्याचं कारण सांगून तो विमानाच्या डाव्या अंगाला, त्या दाराखाली जाऊन उभा राहिला. आतून पावलं ऐकू आली. खुर्ची करकरली. मिस्त्री हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि शेपटीकडे निघून गेला, तिला एकटी सोडून. मग काहीच ऐकू येईना. मिलिमीटरला डोळ्यांसमोर दिसत होतं, तिचा हात सवयीने डावीकडे जाणार आणि तिथे टेबल नसणार. मग ती मान फिरवणार.

दोन पावलं वाजली. मूठ खटकन सरकली आणि त्याच्या डोक्यावर दार उघडलं. बहात्तर वर्षांच्या बाईने एका हाताने उघडलं होतं.

"भाऊजी," ती खाली बघून म्हणाली, "हे उघडतंय."

त्याने मान डोलावली.

"किती वेळ लागतो?"

त्याला काहीही सांगता आलं असतं. तेव्हाच्या पॅराशूटचं वजन, विमानाचे हेलकावे, काहीही. पण वहिनीने माप विचारलं होतं, आणि माप विचारल्यावर त्याच्या तोंडून दुसरं काही निघत नसे.

"चार पूर्णांक दोन सेकंद."

"तुम्ही मोजलंत?"

"बुधवारी."

ती आणखी थोडा वेळ दारात उभी राहिली. मग तिने ते व्यवस्थित खाली सरकवलं आणि बंद केलं.

परतीच्या बसमध्ये तो बोलत राहिला. आयुष्यात इतकं कधी बोलला नसेल. धूर कोंडला असेल, दादा बेशुद्ध पडला असेल, आगीच्या आचेने दार फुगून अडकलं असेल.

"'ऐकलं' म्हणाले होते ते," वहिनी म्हणाली.

"त्यानंतर चक्कर आली असेल."

"असेल," ती म्हणाली.

छत्तीस वर्षांत मिलिमीटरने 'असेल' म्हणून एकही भाग पास केला नव्हता, आणि हे तिला ठाऊक होतं.

महिन्याभरात गोळ्या परत आल्या. पोहणं बंद झालं. पडदे पिवळेच राहिले, पण ते आता दिवसभर ओढलेले असत. ती त्याच्यावर रागावली असती तर त्याने आनंदाने ऐकून घेतलं असतं. ती रागावत नव्हती. रविवारी जेवायला वाढायची आणि समोर बसून भिंतीकडे बघायची. दादाच्या घोरण्याची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. शेवटी एका रविवारी तोच म्हणाला, "वहिनी, चूक माझी आहे."

"तुम्ही मला वीस वर्षं दिलीत भाऊजी. मी का म्हणून तुम्हाला बोलू?" ती उठली आणि काचेची पेटी घेऊन आली. "आता हे बरोबर करून द्या."

"राहू दे ना आहे तसं."

"चुकलेला भाग कधी पास केलात का तुम्ही?"

त्याने पेटी उचलली आणि घरी नेली.

काम तीन आठवडे चाललं. त्याने डाव्या भिंतीची भोकं बुजवली, टेबल उजवीकडे हलवलं, दिवा हलवला, खुर्ची फिरवली. माणसाच्या कोटाची बटणं खरवडून दुसऱ्या बाजूला उठवली. पेन्सिल उजव्या हातात दिली. उजव्या मनगटावरचं घड्याळ ब्लेडने तासलं आणि डाव्यावर नवं रंगवलं. आता तो माणूस दादासारखा दिसू लागला, आणि मिलिमीटरला हात आवरता घ्यावा लागला. एका दुपारी त्याने त्याला चिमट्यात धरून खुर्चीतून उचललं आणि दाराशी उभा करून पाहिला. तो उभा राहीना. बसलेलाच घडवला होता तो, गुडघ्यात वाकवून. सोडला की तोंडावर पडायचा. चार-पाचदा करून मिलिमीटरने त्याला परत खुर्चीत ठेवलं आणि मग ब्लेड बाजूला सारून तो दादासाठी रडला. शेहेचाळीस वर्षांत त्याला ते जमलं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने म्हैस वहिनीच्या टेबलावर ठेवली आणि कवच उचललं. वहिनी चष्मा लावून वाकली. खुर्ची, टेबल, दिवा, मोकळी वाट, सगळं तिने सावकाश पाहिलं. घड्याळाकडे पाहून मान हलवली.

"दार अजून बसवलं नाही मी," तो म्हणाला. "ते तुम्हाला विचारून करावं म्हटलं. उघडं ठेवू?"

"सापडले तेव्हा कसं होतं?"

"बंद."

"मग बंदच ठेवा."

"बिजागरी करू? हलणारी?"

"नको. चिकटवून टाका."

त्याने खिशातून गोंदाची नळी काढली, दाराच्या कडेला एक थेंब लावला, दार जागेवर बसवलं आणि बोटाने दाबून धरलं. गोंद सुकायला पाच मिनिटं लागतात. वहिनी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली, आणि सुकेपर्यंत दोघंही त्या दाराकडे बघत राहिली.